ही मी न्हाई

शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली आणि तेव्हापासून आमच्या घरात सगळे धरूनच चालले की पोरीला चित्रकला येते. मलाही तसंच वाटायचं. पूर्णेत आमच्या गल्लीत कुणाच्या लग्नाची पाटी रंगवायची असली, विहारात बुद्धपौर्णिमेची कमान करायची असली की बोलावणं मला यायचं. वडील रेल्वेत रुळांच्या कामावर आहेत. ड्यूटीवरच्या सगळ्यांना ते सांगायचे, "आमची हुबेहूब काढती." हुबेहूबच्या पुढं चित्रात आणखी काही असतं हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच.

परभणीच्या कॉलेजात चित्रकलेच्या पदवीची पहिली दोन वर्षं मी याच भांडवलावर काढली. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, स्टेशनवरून चालत कॉलेज गाठायचं, समोर ठेवलेला माठ, वांगी, पितळी तांब्या हे सगळं जसंच्या तसं कागदावर उतरवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. तिसऱ्या वर्षाला आम्ही सातजणच उरलो. कुणी डीएड धरलं, कुणी मोबाईलच्या दुकानात लागलं. आमच्या स्टुडिओला पत्र्याचं छत होतं आणि उन्हाळ्यात तिथं टर्पेंटाइनच्या वासानं डोकं धरायचं. त्याच वर्षी नवे सर आले.

सर बाहेरच्या जिल्ह्यातले. बोलणं कमी. पहिल्याच आठवड्यात ते माझ्या मागं येऊन उभे राहिले. समोर तांब्या आणि कांदे मांडले होते. माझ्या कॅनव्हासवरच्या कांद्याचं साल उचलून घ्यावं इतकं जमलं होतं.

"छान आहे," सर म्हणाले.

मी मनातल्या मनात फुलले.

"मग आता काय करायचं?"

"काय म्हणजे सर?"

"हे तुला येतं. आता जे येत नाही ते कर."

"सर, काय येत नाही मला?"

"ते मला काय माहीत?" असं म्हणून सर पुढच्या ईझलकडं गेले.

मी त्या दिवशी गाडीत खिडकीशी बसून मला काय येत नाही याचा विचार करत राहिले. येत नसलेली गोष्ट आठवणार तरी कशी? घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पगार घेतेत ना ते शिकवायचा? मग त्यांनाच इचार." दुसऱ्या दिवशी विचारलं. सर म्हणाले, "बघू." एवढंच.

दिवाळीनंतर आमचं पोर्ट्रेटचं काम सुरू झालं. त्यासाठी बसायला एक बाई येऊ लागल्या. पोखर्णीच्या रस्त्याला एका वस्तीवर त्या राहायच्या. आधी नवऱ्याबरोबर उसाच्या तोडीला जायच्या, मग गुडघ्यानं दगा दिला आणि परभणीत एका खानावळीत भांडी घासायला लागल्या. कॉलेजचा शिपाई त्यांच्या शेजारचा, त्यानं आणलं. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. वय पन्नाशीच्या पुढचं, चेहरा उन्हानं रापलेला, हनुवटीवर गोंदण. पहिल्या दिवशी सरांनी त्यांना लाकडी चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसवलं आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. मावशींनी विचारलं, "बोलायचं तरी हाय का?" सर म्हणाले, "तोंड हलतं बोलल्यावर." मावशी गप्प झाल्या, पण सुट्टी झाली की त्याची भरपाई करायच्या.

सुट्टीत त्यांचा एक ठरलेला फेरा असायचा. सातही ईझलांसमोरून त्या कमरेवर हात ठेवून जायच्या, जणू बाजारात भाजी बघायल्यात. जिंतूरकडच्या एका पोराला म्हणाल्या, "माझं नाक येवढं हाय का रं? श्वास घ्यायला बरं पडंल." माझ्यासमोर मात्र त्या खूश व्हायच्या. "लय छान. फोटोच की. अगदी गोंदणातला ठिपकाबी चुकला न्हाई."

सर तेव्हा शेजारीच होते. म्हणाले, "मावशींना आवडलं. झालं मग."

हे कौतुक होतं की टोमणा, मला कळलं नाही. जिंतूरचा पोरगा म्हणाला कौतुक. शेजारच्या ईझलवरची मैत्रीण म्हणाली टोमणा. मी दोन्ही गोष्टी घेऊन घरी गेले आणि जेवताना वडिलांनी विचारलं, "आज काय म्हणले सर?" तर मला सांगताच येईना.

पुढच्या आठवड्यात सरांनी नवा कॅनव्हास लावायला सांगितला. माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तू मावशींकडं एकदा बघतेस आणि मग कॅनव्हासकडंच बघत बसतेस. तुला वाटतं, पाहून झालं. आता उलट कर. मावशींकडंच बघत राहा. हात काय करतोय ते हाताला बघू दे."

"सर, बिघडेल."

"बिघडू दे."

मी तसं केलं. मावशींच्या चेहऱ्यावरून नजर हलवायची नाही असं ठरवलं आणि ब्रश चालवत गेले. माणसाच्या तोंडाकडं इतका वेळ, इतकं उघडं बघायची मला सवय नव्हती. थोड्या वेळानं मावशींचा चेहरा चेहरा राहिना. गालाच्या हाडाखाली हिरवट काहीतरी दिसायला लागलं, ते मी लावलं. कपाळावर खिडकीतला निळसर उजेड पडला होता, तोही लावला. सुट्टी झाली आणि मी कॅनव्हासकडं बघितलं. चेहरा लांबुळका झाला होता. एक डोळा खाली घसरलेला. गालावर हिरवं. ओठ तर मी काढलेच नव्हते, नुसता एक गडद पट्टा होता. गोंदण गायब. इंटरमिजिएटची ए ग्रेडवाली मी, आणि हे माझ्या हातचं! मी रंग खरवडायची सुरी उचलली.

तेवढ्यात मावशींचा फेरा माझ्यापाशी आला. त्या पुढं सरकल्या नाहीत. उभ्याच राहिल्या. पदराचं टोक तोंडात धरलं.

"ही मी न्हाई," त्या म्हणाल्या.

"हो मावशी, चुकलंय. खरवडते."

त्यांनी माझा सुरीचा हात मनगटाजवळ धरला. घट्ट. "थांब. ही माझी बहीण हाय."

मला वाटलं, गंमत करायल्यात. पण त्यांचे डोळे भरले होते. त्या चौथऱ्यावर जाऊन बसल्या, आणि सुट्टी संपायच्या आधीच बसल्या. उरलेला वेळ मी ब्रश हातात धरून उभी राहिले. काय करावं ते सुचेना. मी त्या बहिणीला कधी पाहिलेलं नाही. मग ती माझ्या कॅनव्हासवर आली कुठून?

हळूहळू कळलं ते असं. बहीण धाकटी होती, पालमकडं दिली होती. लेकरू लहान असतानाच तापानं गेली. तिचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला बोलावला होता, पण त्याचा कॅमेरा बिघडला म्हणे. तिची मुलगी आजीकडं वाढली आणि पालममध्येच तिचं लग्न झालं. मावशी सणावाराला एसटीनं तिच्याकडं जाऊन यायच्या.

दुसऱ्या दिवसापासून मावशी लवकर यायला लागल्या. मी स्टुडिओत पोचायची तेव्हा त्या माझ्या ईझलसमोर, आम्ही बसतो त्या लाकडी बाकड्यावर, मांडीवर हात ठेवून बसलेल्या असायच्या. मला बघून म्हणायच्या, "ये. कर तुझं काम." पण काम करायचं कसं? चेहऱ्याला हात लावायची भीती वाटायला लागली. एक फटकारा इकडचा तिकडं झाला आणि बहीण निघून गेली तर? म्हणून मी पाठीमागची भिंत रंगवायला घेतली. मागची भिंत म्हणजे काय, पोपडे आलेला चुना. मी त्या पोपड्यांवर दिवसच्या दिवस घालवले. एकेक पोपडा, त्याची सावली, त्याखालचा जुना पिवळा रंग.

सर येऊन बघायचे. एकदा म्हणाले, "चेहऱ्याचं काय? सुरुवात चांगली झालीय. पुढं जा की. डोळा अजून बसलेला नाही."

"हो सर," मी म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडं वळले.

चौथ्या-पाचव्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं. "सर, मावशी म्हणतात ही त्यांची बहीण आहे. मला आता तिला हात लावता येईना."

स्टुडिओत खसखस पिकली. जिंतूरचा पोरगा म्हणाला, "माझ्यात पण बघा मावशी, कुणी चुलता-बिलता दिसतोय का." सर हसले नाहीत. ते चौथऱ्याकडं गेले आणि मावशींना चक्क माझ्या कॅनव्हाससमोर घेऊन आले.

"मावशी, तुमची बहीण दिसायला कशी होती?"

"गोल तोंडाची," मावशी लगेच म्हणाल्या. "माझ्यापेक्षा उजळ. हासली की गालाला खळी पडायची."

सरांनी चित्राकडं बघितलं. मीही बघितलं. तोंड लांबुळकं, रंग मातकट नि हिरवा. हसू तर कुठंच नव्हतं.

"मग ही ती कशी?" सरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात तपासणी नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मावशी चिडल्या. "ते मला काय ठाव? तुमी शिकलेले. हाय ती, म्हणून हाय. तुमाला न्हाई दिसायली तर मी काय करू?"

सर मग मला म्हणाले, "मला यातलं काही सांगता येणार नाही." एवढं बोलून ते बाहेर चहाला गेले. मला एवढंच हवं होतं की सरांनी तरी सांगावं, पुढं जा किंवा थांब. ते म्हणत होते, येत नाही सांगता. मग मी कुणाला विचारणार?

रात्रीच्या जेवणाला मी हे सगळं घरी सांगितलं. आई म्हणाली, "असंल बहीण. तिची हाय, तिला कळायलंय. तुझं काय जायलंय?" वडील भाकरी मोडता मोडता थांबले. "पण हुबेहूब न्हाई म्हणतीस ना? मंग वळखली कशी?"

"तेच तर मला कळंना बाबा."

"मंग सरांला इचार."

"त्यांनाबी कळंना."

वडिलांनी आईकडं बघितलं. अशा शिक्षणाला आपण पोरीला पाठवलंय का, असा काहीतरी तो बघण्याचा अर्थ होता. मग ते पुन्हा भाकरी मोडायला लागले.

एका शनिवारी मावशींनी पालमहून भाचीला बोलावून घेतलं. भाची माझ्यापेक्षा थोडीच मोठी, कडेवर लेकरू, एसटीच्या प्रवासानं केस उडालेले. आम्ही सगळे मावशीला मावशी म्हणायचो, पण खऱ्या नात्यानं मावशी म्हणणारी तीच. मावशी तिला हाताला धरून माझ्या ईझलपुढं घेऊन आल्या. मीच जास्त घाबरले होते.

"बघ," मावशी म्हणाल्या. "तुझी माय."

भाचीनं लेकरू खाली ठेवलं. नीट बघितलं. जवळ जाऊन बघितलं, मागं सरून बघितलं. मग संकोचून म्हणाली, "मावशे, ही तर तूच हायस की."

"मी? नीट बघ गं."

"नीटच बघायले. तूच हायस. तू थकल्यावर अशीच दिसतीस. मागल्या टायमाला आमच्याकडून निघताना एसटीच्या खिडकीत अशीच दिसली व्हतीस."

मावशींचा चेहरा पडला. "तुला आठवत न्हाई. तू लहान व्हतीस."

"हां, न्हाई आठवत," भाची म्हणाली. ती पुन्हा चित्राकडं बघायला लागली. आता ती आई शोधत होती हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "न्हाई गं मावशे. लय बघितलं. दिसंना मला." आणि रडायला लागली. तिचं बघून लेकरूही रडायला लागलं. मावशींनी दोघांना जवळ घेतलं. मी तिथं उभी, हातात ब्रश, चूक माझी आहे की नाही हेही न समजून.

मावशींनीच मग ते रडणं थांबवलं. डोळे पुसून मला म्हणाल्या, "हिला बसव. हिचं काढ. येवढ्या लांबून आलीय, नुसतं रडून कशाला जायचं?"

मी भाचीला चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसवलं. रंग काढायला वेळ नव्हता, तिला दुपारची एसटी गाठायची होती. कागद लावला, चारकोल घेतला. लेकरू तिच्या मांडीवर चुळबुळ करत होतं, त्यामुळं तिला सारखं हलावं लागत होतं. मी सरांचं सांगणं आठवायचा प्रयत्न केला नाही आणि ए ग्रेडचंही आठवलं नाही, वेळच नव्हता. मान, खांदा, लेकराचं डोकं, उडालेले केस, एवढं आलं. झालं तेव्हा मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, "हां. ही हीच हाय." त्यांना त्यात बहीण दिसली का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. भाची लाजून म्हणाली, "माझं नाक बरं काढलंय." सरांनी कागदावर फिक्सेटिव्ह मारून दिलं म्हणजे चारकोल पुसला जाणार नाही, आणि तिनं तो कागद पेपरात गुंडाळून नेला.

त्यानंतरही मावशी बसायला येत राहिल्या. लवकर येणं मात्र बंद झालं. फेऱ्यात माझ्यासमोर आल्या की त्या एक क्षण थांबायच्या आणि पुढं जायच्या. एकदा मी विचारलं, "मावशी, आहे ना ती अजून?" त्या म्हणाल्या, "कधी हाय, कधी मीच हाय. त्या पोरीनं घोळ करून ठेवला." त्या हसल्या आणि मलाही हसू आलं, पण आत कुठंतरी वाटलं की मी भाचीला बोलावू द्यायला नको होतं. मग वाटलं, मी कोण नको म्हणणारी? आणि न बोलावताही एक ना एक दिवस मावशींना तिथं मावशीच दिसल्या असत्या, किंवा नसत्याही.

चेहऱ्याला मी शेवटपर्यंत हात लावला नाही. खाली घसरलेला डोळा तसाच राहिला. वार्षिक सबमिशनला तेच चित्र ठेवलं. बाहेरून आलेले परीक्षक रांगेनं बघत आले, माझ्यापाशी थांबले आणि चष्मा वर करून म्हणाले, "पार्श्वभूमी फार चांगली हाताळली आहे. भिंतीचा पोत छान." मी आभार मानले. ते गेल्यावर मी सरांना विचारलं, "सर, चेहऱ्याबद्दल काही बोलले का?"

"नाही."

"म्हणजे चांगला की वाईट?"

"म्हणजे नाही बोलले," सर म्हणाले. मग माझ्या चित्राकडं बघत, "मी तुला डोळा बसव म्हणालो होतो. बरं झालं ऐकलं नाहीस. की वाईट झालं? मला अजून ठरवता येत नाही." हे ऐकून मला पहिल्यांदा सरांबद्दल आपुलकी वाटली. निकाल लागला, मी पास झाले. मार्क मधलेच, त्यावरून काही समजावं असे नव्हते.

चित्र कुणी न्यायचं हा प्रश्न आला. मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्यात कुठं लावतीस? भितीत खिळा मारला की मातीच पडती." भाचीला फोन केला तर ती म्हणाली, "नगं ताई. मला माझाच कागद बास हाय." म्हणून मी ते कापडात गुंडाळून पॅसेंजरनं पूर्णेला आणलं. आईनं ते पुढच्या खोलीत लावू दिलं नाही, येणारे-जाणारे विचारतील कोण म्हणून, आणि आपल्याला काय सांगायचं ते ठाऊक नाही. ते आता माझ्या खोलीत आहे, कपाटाच्या बाजूला.

यंदा मी शेवटच्या वर्षाला आहे. बसायला आता एक म्हातारे आजोबा येतात, ते सारखे झोपतात. मावशी येत नाहीत. त्यांच्या मुलाला पुण्याकडं काम लागलं, तो त्यांना घेऊन गेला. मी आजोबांवरची नजर न हलवता रंगवायचा प्रयत्न केला, हात मोकळा सोडला, सगळं तसंच करून पाहिलं. नुसता चिखल झाला. ईझलसमोर मी वरचेवर उभी राहते आणि मला काय करायचंय तेच कळत नाही. सर येतात, बघतात, कधी मान हलवतात. मी आता विचारायचं सोडलंय.

मागच्या महिन्यात मावशींचा फोन आला. मुलानं लावून दिला होता, मागं गाड्यांचा आवाज होता.

"ती हाय का गं?" त्यांनी विचारलं.

"आहे मावशी. माझ्या खोलीत."

"तुला दिसायली का?"

खोटं बोलावं का, असं एकदा मनात आलं. "नाही मावशी. मला तुम्हीच दिसता. आणि कधी कधी कुणीच नाही, नुसता रंग दिसतो."

त्या म्हणाल्या, "बरं," आणि नातवाचं सांगायला लागल्या. त्याला तिथल्या शाळेत घालायचंय, पण कागदपत्रं सगळी इकडची आहेत, आणि दाखला कुठून काढायचा ते त्यांना माहीत नव्हतं. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं.